तारेची परडी

पुणे, रविवार दुपार

प्रिय सुमे,

फोटोतली कानातली कुठून घेतलीस, असं विचारलंस. घेतली नाहीत गं, विणलीत. तांब्याच्या तारेची, परडीच्या आकाराची. वीण शिकले ती बुरूड आळीत बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या मावशींकडून, आणि त्यांनी तर दागिन्याची तार जन्मात हातात धरलेली नाही.

झालं असं, की पहिले दोन महिने माझी वीण बसतच नव्हती. चार जाड तारा मध्यावर आडव्याउभ्या ठेवल्या की आठ काड्या होतात. मग बारीक तार एकीवरून, दुसरीखालून. पण फेरा पुरा झाला की तार परत त्याच काडीवरून जायची. सगळे फेरे सारखे, एकाला दुसऱ्याचा धर नाही. मावशींच्या समोर तासभर बसले तेव्हा कुठे उलगडलं. टोपलीचा तळ मांडून झाल्यावर त्यांनी एक कामटी कोयत्यानं मधोमध चिरली. आठाच्या नऊ! संख्या विषम झाली की पुढच्या फेऱ्यात वरचं आपसूक खाली जातं. मी विचारलं तर म्हणाल्या, "नाहीतर बसंल कशी?" तार चिरता येत नाही, म्हणून मी नववी अर्धी तार मध्यावर खोचते.

अमेरिकेतल्या दागिने घडवणाऱ्या मेरी ली हू यांनीही टोपल्यांच्या विणीनं सोन्याचांदीची तार विणली आहे. त्यांची वीण मात्र दुहेरी: दोन तारा बरोबर चालतात आणि दर काडीपाशी एकमेकींना पीळ देतात. त्यात काड्या सम असल्या तरी चालतं. तेही करून पाहिलं. सुंदर दिसतं, पण माझा जीव मावशींच्या साध्या विणीतच रमतो.

काड्यांना 18 गेज, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची तार. विणायला त्याहून बारीक, 28 गेज. मोटार वाइंडिंगची तार स्वस्त मिळाली म्हणून आणली आणि मऊ करायला गॅसवर धरली, तर वरचं वार्निश जळून घरभर धूर! तू तसं करू नकोस, साधी उघडी तारच घे. बांबूची बेळं, म्हणजे चिरलेल्या पातळ पट्ट्या, भिजवली की वळतात. तांबं वाकवून वाकवून कडक होतं, मग ते मंद लाल होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात टाकायचं, की पुन्हा मऊ. हे मला तांबट आळीत कळलं. काळवंडलेली तार चिंचेच्या कोळात टाकली की लख्ख होते. बांबू मात्र स्वतःच्या ताठपणानं वीण ताणून धरतो, तांबं जिथं वाकवाल तिथंच राहतं. एक चुकीची मोड पडली की ती दिसतच राहते. म्हणून पकडीच्या तोंडाला दोरा गुंडाळून काम करते.

पहिली जोडी मावशींना नेऊन दिली. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "काठ कच्चा हाय." खरंच आहे. मी काड्यांची टोकं नुसती आत दुमडते. जुन्या दुरड्यांना वेणीसारखा काठ घालायचे, पण आता कुणी मागत नाही, म्हणून त्यांचीही सवय मोडलीय.

तुझ्या आईच्या लग्नातली दुरडी अजून माळ्यावर आहे ना? तिचा काठ तसाच होता असं मला आठवतंय. काढ ती खाली. आतून, बाहेरून आणि वेणी जिथं संपते त्या जागेचा अगदी जवळून, असे तीन फोटो पाठव. पुसताना ओलं फडकं लावू नकोस. फोटो मावशींनाही दाखवायचेत.

तुझीच,
मंगू