तेलगळतीचे खापर एकट्या सीलवर नको

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गिअरबॉक्सच्या शाफ्टखाली (फिरत्या दांड्याखाली) तेलाचा ओघळ दिसला की ‘सील गेले’ असे म्हणून नवे सील (शाफ्टभोवती बसणारी, रबरी कडेने तेल अडवणारी कडी) बसवले जाते आणि थोड्याच दिवसांत ओघळ पुन्हा दिसू लागतो. तेल आत राखणे आणि धूळ-पाणी बाहेर ठेवणे हे काम सील आणि हाउसिंग (गिअरबॉक्सचे बाहेरचे कवच) मिळून करतात, हे देखभाल करताना सर्रास विसरले जाते. म्हणून हे पत्र.

सीलची रबरी कड शाफ्टवर कोरडी घासत नाही, तर तेलाच्या अतिशय पातळ थरावर चालते. या कडेचा तेलाकडचा उतार तीव्र आणि हवेकडचा मंद ठेवलेला असल्यामुळे शाफ्ट फिरत असताना कडेखाली आलेले तेल परत आत ढकलले जाते. साहजिकच, उलटे बसवलेले सील नवेकोरे असले तरी गळते. शाफ्टवर ग्राइंडिंगच्या तिरप्या रेषा राहिल्या असतील, तर त्या आट्यांसारखे काम करून तेल बाहेर आणू शकतात.

मात्र माझा मुख्य आग्रह ब्रीदरविषयी, म्हणजे गिअरबॉक्समधल्या हवेला ये-जा करू देणाऱ्या छोट्या तोंडाविषयी आहे. २० अंश सेल्सिअसची बंदिस्त हवा ८० अंशांपर्यंत तापली, तर तिचा दाब सुमारे ०.२ बारने वाढतो. शिवाय तेलही प्रसरण पावून हवेची जागा कमी करत असल्याने प्रत्यक्षातली वाढ त्याहून अधिक असते. साधे ऑइल सील जेमतेम ०.३ ते ०.५ बार दाबासाठी बनवलेले असते. ब्रीदर धुळीने तुंबला असेल, किंवा रंगकाम करताना त्याच्यावरूनही ब्रश फिरला असेल (आणि हे वारंवार घडते), तर हा वाढता दाब कडेला शाफ्टवर अधिक जोराने दाबतो, घर्षणाने रबर तापून कडक होते आणि त्याला चिरा पडतात. यंत्र बंद होऊन थंड झाले की आत उलट ओढ निर्माण होते आणि कडेजवळची धूळ व ओल तेलात ओढली जाते.

हाउसिंगमध्ये बेअरिंग आणि सील यांच्यामधल्या पोकळीतून तेल तळाशी परत जावे म्हणून छिद्र किंवा खाच ठेवलेली असते. हाउसिंगच्या जोडावर सिलिकॉन (फट बुजवणारा लेप) सढळ हाताने लावले की त्याचा आत आलेला ओघळ ही वाट बंद करू शकतो आणि मग तेल सीलपाशी तुंबून राहते. ठरलेल्या पातळीपेक्षा जास्त तेल भरल्यास ते घुसळले जाऊन फेसाळते व तापते, हे वेगळे सांगायला नकोच.

धुळीच्या जागी दुहेरी कडेचे सील वापरून दोन कडांमधल्या जागेत ग्रीस भरावे. यंत्र धुताना पाण्याचा जोरदार फवारा सीलवर मारू नये.

सील खरोखरच बदलायचे असेल, तर शाफ्टवरून नख फिरवून पाहावे. नखाला चर लागत असेल, तर नवी कड त्याच चरात बसू देऊ नये. सील काही मिलिमीटर सरकवून बसवावे किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह (नळीसारखे आवरण) चढवावी. कीवेच्या (शाफ्टवरील चावीच्या खाचेच्या) धारदार कडांवर टेप गुंडाळून आणि सीलला तेल लावून मगच ते आत सरकवावे, एरवी त्याची कड बसवतानाच कापली जाते.

आपला,
एक देखभाल अभियंता