उत्प्रेरक अलिप्त नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अकरावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीच्या वहीत परवा ‘जो पदार्थ रासायनिक अभिक्रियेत भाग न घेता तिचा वेग वाढवतो, तो उत्प्रेरक’ अशी व्याख्या वाचली. माझ्या विद्यार्थिदशेत आम्हीही हीच घोकत होतो. ती चुकीची आहे, आणि ऑर्गॅनोमेटॅलिक रसायनशास्त्राने, म्हणजे धातू व कार्बन यांच्यात थेट बंध असलेल्या संयुगांच्या अभ्यासाने, ती का चुकीची आहे हे पायरीपायरीने दाखवून दिले आहे.

ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जेफ्री विल्किन्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा, अल्कीनला (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या संयुगाला) हायड्रोजन जोडणारा, १९६०च्या दशकातला ऱ्होडियम या धातूचा उत्प्रेरक घ्या. त्यात ऱ्होडियमला तीन फॉस्फिन (फॉस्फरसयुक्त) रेणू आणि एक क्लोरीन जोडलेले असतात. द्रावणात एक फॉस्फिन सुटते, हायड्रोजनचा रेणू दुभंगून धातूशी बांधला जातो, शेजारी अल्कीन येऊन बसते, हायड्रोजनचे दोन्ही अणू एकामागून एक त्याच्याकडे जातात आणि तयार झालेले अल्केन (दुहेरी बंध नसलेले संयुग) निघून गेले की धातू पुढच्या फेरीला मोकळा होतो. एवढ्यात ऱ्होडियमची ऑक्सिडेशन अवस्था (धातूने किती इलेक्ट्रॉन गमावले असे मानायचे, तो आकडा) +१ वरून +३ होऊन पुन्हा +१ वर आलेली असते. याला भाग न घेणे कसे म्हणावे?

पुढे अमेरिकेतील मॉन्सँटो कंपनीत विल्यम नोल्स यांनी साध्या फॉस्फिनांऐवजी डावे-उजवेपण असलेली फॉस्फिने ऱ्होडियमला जोडली. त्यामुळे पार्किन्सनच्या रुग्णांना लागणाऱ्या एल-डोपाच्या निर्मितीत, हायड्रोजन जोडण्याच्या टप्प्यावर, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रूपांपैकी हवे तेच रूप प्रामुख्याने मिळू लागले. २००१ मध्ये नोल्स नोबेलचे एक मानकरी ठरले. धातू अभिक्रियेत सहभागीच नसता, तर त्याला काय जोडले आहे यावरून औषधाचे रूप ठरलेच नसते. पॅलेडियम या धातूच्या मदतीने कार्बनला कार्बन जोडणाऱ्या, २०१०च्या नोबेलने गौरवलेल्या अभिक्रियाही अशाच फेऱ्यांनी चालतात.

उत्प्रेरक अलिप्त असतो असे मनावर बिंबलेला विद्यार्थी ‘धातूशी कोणता बंध जुळला, कोणता तुटला’ हा प्रश्नच विचारत नाही, आणि या विषयाची सुरुवात तर तिथूनच होते. शिक्षकांनी व टिपणे काढणाऱ्यांनी ‘अभिक्रियेत भाग घेऊन तिचा वेग वाढवणारा आणि प्रत्येक फेरीअखेर मूळ रूपात परतणारा पदार्थ’ अशी व्याख्या द्यावी, आणि आपल्या विज्ञान पुरवणीतही ती याच शब्दांत छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक