आप्पा, हा माणूस आपल्याच धंद्यातला

लंडन,
१५ नोव्हेंबर

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

फराळाचं पार्सल पोचलं. चकल्या निम्म्या मोडल्या होत्या, पण मोडक्याच आधी संपल्या. आईला सांगा, या खेपेची भाजणी फक्कड जमली आहे.

तुम्ही फोनवर म्हणालात, म्युझियममधल्या चित्रांबद्दल काय लिहिणार, ती तर मोबाईलवर दिसतात. खरं आहे. पण विल्यम होगार्थबद्दल मला तुम्हालाच लिहायचंय. इथे सगळे त्याला चित्रकार म्हणतात. मला तो मुळात छापखानेवाला वाटतो.

जन्म १६९७ चा, लंडनच्या स्मिथफील्ड भागातला. वडील लॅटिनचे मास्तर. त्यांनी एक कॉफी हाउस काढलं आणि जाहीर केलं की इथे लॅटिनमध्ये गप्पा चालतील. ते बुडणारच होतं! कर्जापायी मास्तरांना फ्लीटच्या तुरुंगात काही वर्षं काढावी लागली. पोरगा पुढे चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्याकडे उमेदवारीला लागला, तिथे हात बसला आणि मग तो तांब्याच्या पत्र्याकडे वळला.

हे काम तुमच्या ट्रेडलच्या, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्राच्या, नेमकं उलट आहे. तिथे खिळ्यांवरची उठावदार अक्षरं शाई घेतात. इथे कोरणीने पत्र्यात रेघ खोदतात, शाई त्या खाचेत भरतात, वरचा भाग लख्ख पुसतात आणि ओलसर कागद ठेवून रुळाखालून काढतात. कागद खाचेतली शाई उचलून घेतो. चित्र उलटं उमटतं ते मात्र तुमच्यासारखंच. त्यामुळे होगार्थची काही रंगीत चित्रं भिंतीवर डावीकडून उजवीकडे पाहिली आणि मग छापील प्रत हातात घेतली, की सगळी माणसं बाजू बदलून बसलेली दिसतात. रंगीत चित्र हा त्याच्या लेखी निम्मा नमुना असायचा. खरा माल म्हणजे छापील प्रत.

१७३२ मध्ये त्याने सहा चित्रांचा एक संच काढला. खेड्यातली मुलगी लंडनला येते, उतरल्या उतरल्या एका कुंटणीच्या हाती लागते आणि पुढे तुरुंग, आजार, मरण. आगाऊ वर्गणीदार बाराशेच्या वर, प्रत्येकी एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. दुकानदाराला मध्ये न घेता हा थेट आपल्या घरून विकत होता. लगेच नकला बाजारात आल्या. आपल्या लग्नपत्रिकेची वेलबुट्टी गल्लीतल्याच एकाने उचलली होती तेव्हा तुम्ही कितीतरी दिवस त्याच्या दारावरून जायचं टाळलं होतंत ना? होगार्थने टाळाटाळ केली नाही. त्याने आणखी काही कोरणाऱ्यांना गोळा केलं, पार्लमेंटकडे अर्ज केला आणि कायदा करून घेतला. २५ जून १७३५ पासून लागू, चौदा वर्षं संरक्षण. लोक अजूनही त्याला होगार्थचा कायदा म्हणतात.

पुढचा संच तयार होता, पण कायदा लागू होईपर्यंत याने तो अडवून धरला. नकलाकारही काही कमी नव्हते. त्यांनी गिऱ्हाईक म्हणून माणसं त्याच्या घरी धाडली, त्यांनी चित्रं डोळ्यांत भरून घेतली आणि आठवणीवरून कोरून त्याच्या आधी बाजारात आणली. मग होगार्थने काय केलं असेल? आपल्याच परवानगीने एक स्वस्त आवृत्ती काढून घेतली. चोराचं गिऱ्हाईक कमी भावाने तोडलं. हे वाचताना मला तुम्ही दिसलात.

त्या संचाची मूळ आठ चित्रं जॉन सोन नावाच्या वास्तुविशारदाच्या घरात आहेत. घराचं आता म्युझियम झालंय, फुकट बघता येतं. खोली लहान, म्हणून सोनने भिंतींनाच बिजागऱ्या लावून घेतल्या. तिथला माणूस भिंत कपाटासारखी उघडतो आणि आत आणखी चित्रं असतात. त्या आठ चित्रांत कवडीचुंबक बापाचा पैसा मिळालेला टॉम रेकवेल तो उधळतो, जुगारात हरतो आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात पोचतो. पहिल्याच चित्रात जमिनीवर एक बूट पडलाय. म्हाताऱ्याने तळव्यासाठी बायबलचं चामडी पुठ्ठं कापून लावलेलं. सातवं चित्र फ्लीटच्या तुरुंगाचं आहे. तिथे मी जरा जास्त वेळ उभी राहिले.

पण माझं आवडतं नॅशनल गॅलरीत आहे. सहा चित्रं, एका लग्नाची गोष्ट. पहिलं म्हणजे अगदी आपल्याकडची याद्यांची बैठक! एकीकडे कर्जबाजारी उमराव, संधिवाताने सुजलेला पाय स्टुलावर, कुबड्यांवरसुद्धा मुकुटाची खूण, आणि बोट आपल्या वंशवृक्षाकडे. समोर पैसेवाला व्यापारी, चष्मा लावून करारपत्र वाचतोय. खिडकीतून उमरावाचं अर्धवट राहिलेलं नवं घर दिसतं, कारण बांधकामाचे पैसे संपलेत. आणि ज्यांचं लग्न, ते दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेत. नवरदेव आरशात मग्न, मानेवर काळा डाग. नवरी रुमालात अंगठी ओवत बसलीय आणि वकील तिच्या कानाशी लागलाय; पुढे प्रकरण त्याच्याशीच. खाली दोन कुत्री एका साखळीला बांधलेली.

दुसऱ्या चित्रात दुपारचे बारा वाजून गेलेत आणि नवरा आत्ता घरी परतलाय. कुत्रं त्याच्या खिशातून कुणा बाईची टोपी ओढतंय. कारभारी बिलांचा गठ्ठा घेऊन कपाळाला हात लावून निघालाय. शेवटी नवरा मरतो, वकिलाला फाशी होते आणि ती विष घेते. मुलगी शेवटच्या घटका मोजतेय आणि बाप तिच्या बोटातली अंगठी काढून घेतोय. ती थंड झाल्यावर बोट आखडेल, ही त्याची काळजी. होगार्थ असं कुठेच लिहीत नाही, हा माझा अंदाज, पण त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघा म्हणजे पटेल.

छपाईसाठी कोरणारे मात्र त्याने फ्रेंच घेतले. आयुष्यभर फ्रेंचांना नावं ठेवली, आणि नाजूक काम हवं तेव्हा त्यांच्याचकडे गेला. १७४८ मध्ये फ्रान्समधल्या कॅलेला किल्ल्याच्या वेशीचं रेखाटन करताना त्याला हेर समजून पकडलं; घरी येऊन त्याने त्यावरही चित्र काढलं, स्वतःच्या खांद्यावर पडणाऱ्या हातासकट. लग्नाच्या त्या सहा चित्रांना १७५१ च्या लिलावात मिळाले जेमतेम १२० गिनी. छापील प्रती खपत होत्या, मूळ चित्रांना विचारतो कोण.

त्याच साली जिनच्या दारूवरचं प्रसिद्ध चित्र आलं, प्रत एक शिलिंगला. पायऱ्यांवर झिंगलेली आई तपकीर ओढतेय आणि तिच्या हातून मूल खाली निसटतंय. मागे दिसणारा चर्चचा कळस ब्लूम्सबरीत अजून उभा आहे, माझ्या बसच्या वाटेवर. जोडीला बिअर पिणाऱ्या सुखी, गुबगुबीत लोकांचंही एक चित्र आहे. ते मला अगदीच सरकारी जाहिरातीसारखं वाटतं. वाईट दाखवताना त्याचा हात जसा चालतो, तसा चांगलं दाखवताना चालत नाही. आणि उपदेशाचं म्हणाल, तर उपदेश हा त्याच्या मालाचा खपणारा भाग होता. बाजारातल्या माणसाला ते पक्कं ठाऊक होतं.

१७६४ मध्ये तो गेला. मूलबाळ नव्हतं. कोरलेले तांब्याचे पत्रे बायकोच्या, जेनच्या, नावावर केले होते. चौदा वर्षांची मुदत बऱ्याच चित्रांची संपलेली, नकलाकार टपलेले. जेनने पार्लमेंटकडून १७६७ मध्ये खास आपल्यासाठी वीस वर्षांचा हक्क मिळवला आणि लेस्टर फील्ड्समधल्या त्याच घरातून प्रती विकत राहिली.

ट्रेडल भंगारात द्यायचा विचार चाललाय असं आई म्हणाली. मी येईपर्यंत देऊ नका. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
शुभा