मैफलीतल्या मागच्या माणसालाही व्हिसा हवा: केंद्रीय वाणिज्यमंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री, नवी दिल्ली यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला पंचवटीत तबल्याचा वर्ग चालवतो आणि बोलावणे आले की गाण्याला, कथकला साथ करतो. २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या, तेव्हा व्हिस्की, मोटारी आणि कापड यांवर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने आले. आमच्या पेशाची बाब एका ओळीत उरकली होती: भारतीय आचारी, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीताचे कलाकार अशा तिघांत मिळून वर्षाला १,८०० जणांपर्यंत ब्रिटनमध्ये ठरावीक मुदतीच्या कामासाठी जाता येईल. देशाच्या व्यापारी करारात गाण्या-वाजवण्याला जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद झाला. त्याबद्दल आपले आणि वाटाघाटी करणाऱ्या अधिकाऱ्यांचे आभार. त्या एका ओळीत कोण बसणार आणि कोण बाहेर राहणार, एवढ्यासाठीच हे पत्र.

शास्त्रीय संगीताचा कलाकार म्हटले की कचेरीतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे गायक येतो, फार तर सतारवादक. तबलजी, हार्मोनियमवादक, पखवाजी, सारंगिये यांची नावे कार्यक्रमपत्रिकेत खाली बारीक अक्षरांत असतात, कधी नसतातही. हीच सवय व्हिसाच्या अर्जात उतरते. माझ्याकडे लहानपणापासून शिकलेल्या एका मुलाला तिकडच्या एका संस्थेने गायकासोबत बोलावले होते. गायकाचे कागद झाले. तबल्यासाठी ‘इथलाच कोणीतरी बघू’ असा निरोप आला, कारण आणखी एका माणसाची हमी घेणे त्या छोट्या संस्थेला पेलणारे नव्हते. तिथे उतरल्यावर गायकाची आणि अनोळखी तबलजीची एक बैठक झाली. तेवढ्यात जमले ते जमले. अतिशय संथ लयीतला विलंबित ख्याल बाजूला ठेवून मध्यलयीतल्या बंदिशींवर कार्यक्रम निभावला. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, पण ज्या गाण्यासाठी त्या गायकाला बोलावले होते ते गाणे त्यांनी ऐकलेच नाही.

साथ म्हणजे काय, हे इथे जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. विलंबित एकतालाच्या मात्रा बाराच, पण एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, मिनिटभर चालू शकते. एवढ्या लांब आवर्तनात लय जराही न हलवता भरीव ठेका देणे आणि गायक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना त्याच्या आधी किंवा मागे न पडणे, यात उमेदीची वर्षे जातात. किराणा घराण्याचा गवई जी लय मागतो ती आग्रा घराण्याच्या गवयाला चालत नाही. ठुमरीत लग्गी, म्हणजे तबल्याचे जलद बोल, कुठे सोडायची, नाट्यपदात हात कुठे आखडायचा, अभंगात भजनी ठेका कधी चढवायचा, हे त्या त्या गायकाबरोबर बसून बसूनच कळते. कथकमध्ये तर लेहरा, म्हणजे ताल दाखवत पुन्हापुन्हा वाजणारी सुरावट, धरणारा माणूस नसेल तर नर्तकीला यंत्रावर नाचावे लागते आणि ऐन वेळी सुचलेली तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर संपवायचा तुकडा, मनातच राहते. ब्रिटनमध्ये चांगले तबलजी आहेत. लेस्टरमध्ये २००६ साली सुरू झालेला भारतीय शास्त्रीय संगीताचा दरबार महोत्सव मुळात तिथल्या एका तबलाशिक्षकाच्या स्मरणार्थ आहे, याचा मला अभिमान वाटतो. पण तबलजी मिळणे वेगळे आणि त्या गायकाचा तबलजी मिळणे वेगळे.

हा फरक ब्रिटिश सरकारला समजतो, निदान स्वतःच्या संगीतापुरता. कोणत्या कामांना देशात माणसे कमी पडतात याची त्यांची सरकारी यादी होती, ‘शॉर्टेज ऑक्युपेशन लिस्ट’. तिच्यात नामांकित कंपन्यांच्या दर्जाचे बॅले नर्तक होते. वादकांत वाद्यवृंदाचा प्रमुख, प्रत्येक वाद्यगटाचा मुख्य वादक, त्याच्या हाताखालचा उपमुख्य आणि तंतुवाद्यांतल्या क्रमांक दिलेल्या जागांवर बसणारे वादक होते. ४ एप्रिल २०२४ पासून त्या यादीच्या जागी ‘इमिग्रेशन सॅलरी लिस्ट’ आली, पण वादकांची व्याख्या तीच राहिली. व्हायोलिनच्या कितव्या खुर्चीवरचा माणूस बाहेरून आणावा लागेल, इथपर्यंत त्यांनी लिहून ठेवले. यात मला काही गैर वाटत नाही. त्यांच्या वाद्यवृंदांनी आपली गरज सरकारला नीट समजावून सांगितली, म्हणून ती कागदावर आली. त्या व्याख्येत आपला एकही वादक बसत नाही, कारण आपल्या शास्त्रीय संगीतात ना वाद्यवृंद, ना क्रमांकाच्या खुर्च्या. आता करारामुळे आपल्याला स्वतंत्र दार मिळाले आहे, तर आपली व्याख्याही तितक्याच बारकाईने लिहिली जावी. तबला, पखवाज, हार्मोनियम, सारंगी, मृदंगम, घटम्, व्हायोलिन या सगळ्यांचे साथीदार त्यात नावानिशी असावेत आणि गायकाचा व त्याच्या साथीदारांचा अर्ज एकत्र घेतला जावा.

दुसरी गोष्ट पैशांची. करारावर सह्या होण्याच्या दोनच दिवस आधी, २२ जुलै २०२५ रोजी, ब्रिटनने कुशल कामगारांच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट ३८,७०० वरून ४१,७०० पौंडांवर नेली, म्हणजे तेव्हाच्या दराने वर्षाला ४८ लाख रुपयांच्या पुढे. आमच्यात पगार कोणाला असतो? बिदागी असते. दिवाळीनंतर मैफलींचा हंगाम, गणपती-नवरात्रात रोजचे कार्यक्रम, पितृपक्षात हात मोकळे, उरलेल्या दिवसांत शिकवण्या. अशा माणसाचे उत्पन्न बारा महिन्यांच्या चौकटीत मोजले तर तो कायम अपात्र ठरेल, मग तो कितीही थोर का असेना. कराराखालच्या अर्जांत कार्यक्रमांचे ठरलेले मानधन, राहण्याजेवणाची सोय आणि परतीचे तिकीट एवढेच तपासले जावे, असा आग्रह आपण ब्रिटनकडे धरावा.

तिसरी बाब पात्रतेची, आणि ती नाशिककर म्हणून मला फार जवळची आहे. लाहोरला १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर पलुसकर पुढे आमच्या गावात येऊन राहिले. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुसकर यांचा १९२१ सालचा जन्म नाशिकचाच. दरबाराच्या आश्रयाशिवाय गवयाला सन्मानाने जगता यावे, म्हणून विष्णु दिगंबरांनी तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केले, अभ्यासक्रम आखले, स्वरलिपी छापली. त्यांच्या शिष्यांनी उभारलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद-अलंकार परीक्षांना आजही आमची मुले बसतात. कंत्राटी सेवा देणाऱ्यांकडून व्यापार करारांत सहसा विद्यापीठाची पदवी मागतात. उत्तम साथ करणाऱ्या कितीतरी जणांकडे ती नाही. गुरूकडची पंधरा-वीस वर्षांची तालीम, मंडळाचे प्रमाणपत्र, आकाशवाणीची श्रेणी हे पुरावे पदवीच्या बरोबरीचे मानले जावेत. नाहीतर बीकॉम झालेला बेताचा वादक जाईल आणि आठवीतून शाळा सोडून रियाजाला बसलेला उस्ताद मागे राहील.

हे सगळे ब्रिटनकडे मागताना आपल्या घरातही डोकवावे लागेल. मुंबईत राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला, तेव्हा देशात तेवढे वादक नव्हते. ती जागा कझाकस्तानातून आणि इतर देशांतून आलेल्या वादकांनी भरून काढली, आणि त्यांच्याकडे भारतीय मुले शिकू लागली. मोठ्या संस्थेला हे परवडते. आपल्या रोजगार व्हिसाला मात्र वर्षाला १६.२५ लाख रुपये पगाराची सर्वसाधारण अट आहे. आपापल्या देशाचे पदार्थ करणारे आचारी, इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक आणि अनुवादक यांना त्यातून सूट आहे, वादकांना नाही. नाशिकमधल्या एखाद्या संगीत विद्यालयाने व्हायोलिन किंवा चेलो शिकवायला वर्षभरासाठी परदेशी शिक्षक आणायचे मनात आणले, तर एवढा पगार कुठून द्यायचा? हा विषय गृहमंत्रालयाचा आहे, पण आचाऱ्यांसारखीच सवलत संगीत-नृत्याच्या शिक्षकांना मिळावी, अशी शिफारस आपण करू शकता. आपल्या तबलजींची वकिली करताना ती आपल्याला उपयोगीही पडेल.

शेवटी एक स्पष्ट विनंती. १,८०० या आकड्यात तिन्ही पेशे एकत्र आहेत. हॉटेलांना आचारी कायम लागतात आणि हॉटेलांकडे वकील असतात, त्यामुळे संगीताचा वाटा खाऊन टाकला जाण्याची भीती मला खरोखर वाटते. संगीतासाठी ठरावीक जागा राखाव्यात, आणि दरवर्षी किती गायक, किती वादक, किती साथीदार गेले याची आकडेवारी मंत्रालयाने जाहीर करावी. नियमांचा तपशील ठरवताना साथीदारांनाही बोलवावे. दिल्लीपर्यंत येणे बहुतेकांना परवडत नाही. महाराष्ट्रातली एक बैठक नाशिकला घेतलीत, तर मराठवाडा-खानदेशातून वादक येतील. त्यांना जमवायची जबाबदारी मी आणि माझे सहकारी घेऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक तबलाशिक्षक
पंचवटी, नाशिक