सई, आधी हा अल्बम ऐक

प्रिय सई,

तुझ्या बँडची पहिली तालीम झाली हे वाचून आई आणि मी फार खूश झालो. त्यातून तू बेस गिटार घेतलीस, हे तर मला खूपच आवडलं. आता माझं एक ऐक. 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन' या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम, 'अ होल न्यू थिंग', सलग ऐक. १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये 'एपिक' या रेकॉर्ड कंपनीने काढलेला. ही सगळी तुझ्या ओकलंडच्या आसपासचीच मंडळी. बँडचा म्होरक्या स्लाय स्टोन व्हॅलेहोत वाढला, तिकडच्याच रेडिओवर गाणी लावायचा, आणि बँड घडला तो रेडवूड सिटीच्या 'विंचेस्टर कॅथेड्रल' क्लबात.

पहिलं गाणं 'अंडरडॉग'. सुरुवातीला ट्रम्पेट-सॅक्सोफोनवर तू बालवाडीत म्हणायचीस ते 'आर यू स्लीपिंग' येतं, पण कोमल गंधार लावून! तेवढ्याने ती बाळबोध चाल अंगावर येते. मग ड्रम उसळतात आणि स्लाय सांगू लागतो, खालच्या माणसाला दुप्पट चांगलं असावं लागतं. त्याच उन्हाळ्यात न्यूअर्क आणि डेट्रॉइट वांशिक दंगलींनी पेटले होते. आणि या बँडमध्ये काळे-गोरे एकत्र, ट्रम्पेट सिंथिया रॉबिन्सनच्या हातात. बाईने गायचं, वाद्यं पुरुषांनी वाजवायची, असा तो काळ होता गं.

तुझ्यासाठी खरा माणूस म्हणजे त्यांचा बेस वाजवणारा लॅरी ग्रॅहॅम. पोरवयात तो आईबरोबर वाजवायचा. त्यांचा ड्रमर सोडून गेला, तेव्हा पायाने वाजवायच्या मोठ्या बेस ड्रमच्या जागी त्याने अंगठ्याने तार ठोकली आणि कडक आवाजाच्या स्नेअर ड्रमच्या जागी बोटाने खेचली. आज ज्याला सगळे स्लॅप म्हणतात, ते तिथून आलं. या अल्बममध्ये मात्र तू तो अंगठा शोधत बसू नकोस. ग्रेग एरिकोच्या ड्रमशी ग्रॅहॅमचा बेस कुठे मिळतो आणि कुठे मुद्दाम थांबतो, ते ऐक. पुढे त्यांचे अल्बम एकेक वाद्य वेगळं घेऊन रचले गेले. हा बहुतांशी सगळ्यांनी एकत्र वाजवून रेकॉर्ड केला, म्हणून ते एकमेकांचं ऐकताहेत हे आपल्यालाही ऐकू येतं. 'लेट मी हिअर इट फ्रॉम यू'मध्ये ग्रॅहॅमचा खर्जही भेटेल.

अल्बम खपला नाही. कंपनीच्या डेव्हिड कॅप्रलिकने सोपं, नाचता येईल असं काहीतरी मागितलं आणि स्लायने 'डान्स टू द म्युझिक' दिलं. ते १९६८ मध्ये अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं. उत्तमच आहे ते. तरी मी तुला पहिलाच अल्बम आधी देईन. त्यात एकेका गाण्यात तीन-तीन गाण्यांच्या कल्पना आहेत, आणि काय गाळायचं हे अजून कोणी त्यांना सांगितलेलं नाही.

तुमच्या ड्रमरला शेजारी बसवून ऐक. आणि पुढच्या तालमीचं रेकॉर्डिंग पाठव, फोनवरचं चालेल.

तुझा,
बाबा