नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करताय? वॉर्डातले तास विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परीक्षा आटोपत आल्या की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर आणि मुलांच्या मोबाइलवर नर्सिंग असिस्टंटच्या कोर्सच्या जाहिराती झळकू लागतात. कोर्स किती महिन्यांचा, प्रमाणपत्र कसे दिसेल, नोकरी कशी लागेल, सगळे त्यात असते. त्या महिन्यांत विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णाच्या खाटेशी किती तास उभा राहणार आणि तेव्हा त्याच्या शेजारी कोण असणार, हे मात्र नसते. आम्ही नर्सिंग शिकवणाऱ्या काही जणी हे पत्र लिहीत आहोत ते त्या न छापलेल्या तासांबद्दल.

आधी एक घोटाळा दूर करू. नर्सिंग असिस्टंट म्हणजे नर्स नव्हे. नर्स होण्यासाठी काही वर्षांचे शिक्षण आणि नोंदणी लागते. काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या कोर्सने ती मिळत नाही आणि मिळेल असे कोणी सांगत असेल तर तिथूनच परत फिरावे. असिस्टंटचे काम रुग्णाच्या रोजच्या देहधर्माशी जोडलेले असते : स्पंजिंग (ओल्या कपड्याने अंग पुसणे), तोंडाची स्वच्छता, बेडपॅन देणे, चादर बदलणे, कूस बदलणे, भरवणे, उठवणे-बसवणे, तापमान-नाडी-श्वास मोजून चार्टवर लिहिणे, आणि काही वेगळे दिसले तर सिस्टरना लगेच सांगणे. काम हलके नाही आणि हलक्या दर्जाचे तर मुळीच नाही. रुग्णाजवळ सर्वांत जास्त वेळ असिस्टंटच असतो, त्यामुळे बिघाडाची पहिली खूण बहुधा त्याच्याच नजरेला पडते. पुढे नर्सिंग, फिजिओथेरपी, वैद्यकीय किंवा समाजकार्याकडे जायचे की नाही हे ठरवायला कॉलेजच्या मुलांना याहून चांगली कसोटी मिळणार नाही. पहिला बेडपॅन उचलल्यावर बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

मग तास किती हवेत? तुलनेला एक आकडा घेऊ. अमेरिकेत दीर्घकाळ मुक्कामी असलेल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहांतील असिस्टंटसाठी १९८७ च्या कायद्याने किमान ७५ तासांचे प्रशिक्षण बंधनकारक केले. त्यात निदान १६ तास देखरेखीखालचे प्रात्यक्षिक असावे लागते. शिवाय रुग्णाला हात लावण्याआधी जंतुसंसर्ग टाळणे, सुरक्षितता, रुग्णाशी बोलणे, त्याचे हक्क असे विषय किमान १६ तास शिकवून झालेले असावे लागतात. आमच्या मते ७५ हा आकडा तुटपुंजा आहे, पण क्रम अगदी योग्य आहे : आधी हात धुणे, मग रुग्ण. कित्येक ठिकाणी गणवेश मिळाला की दुसऱ्या दिवशी मुलांना वॉर्डात सोडतात आणि हात धुणे 'येता येता शिकतील' म्हणून राहून जाते. साबण-पाण्याने हात धुवायला ४० ते ६० सेकंद आणि हँडरबने (हातांना चोळायच्या अल्कोहोलयुक्त द्रवाने) २० ते ३० सेकंद लागतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नवशिक्याचे हात बहुधा त्याच्या कितीतरी आधी नळाखालून बाहेर आलेले असतात. अंगठे, बोटांची टोके आणि नखांच्या कडा कोरड्याच. ग्लोव्हज घातले की हात धुवायची गरज नाही, हा दुसरा समज. ग्लोव्हज काढल्यावरही हात धुवायचेच असतात.

वर्गात शिकणे आणि वॉर्डात शिकणे यांत फरक काय, हे एकाच कामावरून दाखवता येईल. उजवी बाजू लुळी पडलेल्या रुग्णाला खाटेवरून व्हीलचेअरवर बसवायचे आहे. व्हीलचेअर त्याच्या धडधाकट बाजूला, म्हणजे डावीकडे, खाटेला किंचित तिरकी लावायची. तिचे दोन्ही ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या दुमडून बाजूला करायच्या. खाटेच्या चाकांनाही ब्रेक असतो, तो बहुतेक जण विसरतात. खाट इतकी खाली घ्यायची की काठावर बसल्यावर तळवे जमिनीला पुरते टेकतील. सलाईनची नळी, युरोबॅग (लघवी साठवणारी पिशवी) कुठे अडकणार आहे ते आधीच पाहून ठेवायचे. मग रुग्णाला कुशीवर वळवून काठावर बसवायचे आणि एक-दोन मिनिटे नुसते बसू द्यायचे. नवशिक्याला हीच दोन मिनिटे जड जातात. बराच काळ आडवा असलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तो सरळ अंगावर कोसळतो. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, तर पुन्हा आडवे करून सिस्टरना हाक मारायची.

उभे करताना काखेत हात घालून ओढणे ही हमखास होणारी चूक. लुळ्या हाताच्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो, ओढला की तो निखळू शकतो. कमरेला पट्टा बांधून तो धरायचा, स्वतःचे गुडघे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची आणि 'एक, दोन, तीन' मोठ्याने म्हणायचे, म्हणजे रुग्णही त्याच क्षणी जोर लावतो. खुर्चीची कड पोटऱ्यांना लागली की मगच हळूहळू बसवायचे. रुग्ण वजनदार असेल किंवा पायांवर भारच घेत नसेल तर एकट्याने हात घालायचा नाही. त्यात रुग्णही पडतो आणि असिस्टंटची कंबरही जाते. डमीवर हे सगळे पाच मिनिटांत जमते. डमीला चक्कर येत नाही, ती घाबरून गळ्याला मिठी मारत नाही.

मोजमापांचेही तसेच. प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो, हे पाठ होते. मोजायचा कसा, ते राहते. 'तुमचा श्वास मोजते' असे सांगितले की रुग्णाचा श्वास बदलतो. म्हणून नाडी पाहून झाली तरी मनगट सोडायचे नाही, नजर छातीवर न्यायची आणि पूर्ण ६० सेकंद मोजायचे. १५ सेकंद मोजून चारने गुणले तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. वॉर्डात ओळीने प्रत्येकाच्या चार्टवर '१८' दिसले तर श्वास मोजलेलेच नाहीत, असे खुशाल समजावे. रक्तदाबात गोंधळ कफपासून, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यापासून, सुरू होतो. दंडाच्या मानाने कफ लहान असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. पाय एकावर एक टाकलेले, लघवी तुंबलेली, हात लोंबकळता, मध्येच गप्पा, या सगळ्यांनी तो चढतो. पाच मिनिटे शांत बसवून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीला आधार देऊन मग मोजायचे. एवढे करूनही आकडा विचित्र वाटला, तर तो आपल्या मनाने 'बरा' करून लिहायचा नाही. पुन्हा मोजायचा आणि सांगायचा.

बेडसोरबद्दल, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांबद्दल, थोडे सविस्तर, कारण असिस्टंटच्या हातात सर्वांत जास्त काही असेल तर ते इथे. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू, म्हणजे जिथे हाड कातडीच्या लगेच खाली आहे, तिथे दाब पडून रक्तपुरवठा तुटतो. स्वतः हलू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, असा वॉर्डातला रिवाज. काही रुग्णांना याहून लवकर लागते. कुशीवर पूर्ण ९० अंशांत वळवले की सगळा भार खुब्यावर जातो, म्हणून पाठीमागे उशी देऊन ३० अंशांच्या आसपास तिरके ठेवायचे. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्या. रुग्णाला वर सरकवताना ओढायचे नाही, ड्रॉ शीटने (अंगाखाली घातलेल्या आडव्या चादरीने) दोघांनी उचलायचे. घासण्याने कातडी सोलवटते. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून पाहायचे. दाबल्यावर पांढरा पडला तर रक्त फिरते आहे. लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली, ताबडतोब सांगायचे. सावळ्या कातडीवर हा लालपणा सहज दिसत नाही, तिथे हाताला लागणारा गरमपणा किंवा कडकपणा ही खूण. अशा डागाला चोळून मालिश करणे आणि खाली हवेची रिंग देणे हे दोन्ही जुने उपाय आता चुकीचे मानले जातात, तरी काही ठिकाणी अजून शिकवले जातात.

भरवताना रुग्ण सरळ बसलेला हवा आणि नंतरही अर्धा तास तसाच. घासानंतर खोकला किंवा आवाज ओलसर, घरघरता झाला तर भरवणे थांबवायचे, कारण अन्न श्वासनलिकेत जात असू शकते. युरोबॅग नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. ट्रॉलीवरून नेताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवणारे पुष्कळ. तशाने लघवी उलटी वाहते आणि तिच्याबरोबर जंतूही.

आता नाजूक विषय. मनुष्यबळ कमी असलेल्या ठिकाणी प्रशिक्षणार्थी म्हणजे फुकटचे दोन हात. सुरुवातीला फाइली पोचवणे, मग ट्रॉली ढकलणे, आणि एके दिवशी 'एवढे इंजेक्शन दे' असे होते. औषधे देणे, इंजेक्शन, सलाईन लावणे किंवा त्याचा वेग बदलणे, कॅथेटर (लघवीची नळी) घालणे, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालणे, रिपोर्टचा अर्थ नातेवाइकांना सांगणे, यांतले काहीही असिस्टंटच्या प्रशिक्षणात बसत नाही. 'मला हे शिकवलेले नाही, सिस्टरना विचारते' हे वाक्य मुलांकडून पहिल्याच आठवड्यात वर्गात मोठ्याने म्हणवून घ्यावे. एरवी ऐन वेळी ते तोंडातून फुटत नाही. वॉर्डात मोबाइल नको, हेही त्याच आठवड्यात. मैत्रिणीबरोबर काढलेल्या सेल्फीत मागे रुग्णाचा चेहरा किंवा केसपेपर येतोच.

कॉलेजांपुढची खरी अडचण वेळापत्रकाची. वॉर्डातले शिकण्यासारखे काम सकाळी सात ते अकरा या वेळात होते : हँडओव्हर (एका पाळीने दुसरीला रुग्णांची माहिती देणे), स्पंजिंग, बिछाने, डॉक्टरांचा राउंड. मुलांची लेक्चरही तेव्हाच. मग सोय म्हणून दुपारी दोन ते पाच पाठवतात, तेव्हा निम्मे रुग्ण झोपलेले असतात आणि मुले भिंतीला टेकून उभी. दुपारच्या तीन तासांपेक्षा आठवड्यातली एक पूर्ण सकाळ आणि सुट्टीतले सलग दोन-तीन आठवडे जास्त शिकवतात. एका शिक्षिकेमागे आठ-दहापेक्षा जास्त मुले देऊ नयेत. वीस जणांत कोणाचे काय चुकले ते दिसतच नाही. हजेरीवर सही पुरेशी नाही. प्रत्येक कौशल्याची स्वतंत्र नोंदवही हवी : कधी पाहिले, कधी मदतीने केले, कधी एकट्याने केले आणि कोणी तपासले. फी भरण्याआधी मागच्या तुकडीतील एखादी भरलेली वही पाहायला मागा, नावे झाकून का होईना. तीत सगळ्या सह्या एकाच दिवशी, एकाच पेनाने झालेल्या दिसल्या तर काय ते समजून घ्या.

प्राचार्यांसाठी लसीचा हिशेब. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातूनही पसरणारी कावीळ, तिच्या लसीचे तीन डोस असतात : पहिला, मग एक महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून संरक्षण तयार झाले का ते पाहतात. म्हणजे सुट्टीत वॉर्डात जायचे तर लस त्या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच टोचायला हवी. कोर्सच्या उद्घाटनाच्या दिवशी पहिला डोस देऊन तिसऱ्या आठवड्यात मुलांना वापरलेल्या सुया पडलेल्या ट्रेजवळ उभे करणे धोक्याचे आहे. सुई टोचलीच तर जागा पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि ओरडा बसेल या भीतीने लपवायचे नाही. एचआयव्हीपासून बचावाची औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. कोणाला सांगायचे, रात्री कुठे जायचे आणि खर्च कोण करणार, हे रुग्णालय आणि कॉलेज यांच्यातल्या करारपत्रात लिहिलेले असावे आणि त्याची प्रत पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात पडावी.

आपले,
नर्सिंग प्रशिक्षण देणाऱ्या काही शिक्षिका