पडद्यावरचा इशारा आणि टपरीवरची सुटी सिगारेट

चि. ओंकार यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलेस, की तंबाखू इतकी वाईट असेल तर सरकार ती बंद का करत नाही, आणि मी "तू अभ्यासाकडे लक्ष दे" एवढे बोलून विषय तोडला. तसे बोलायला नको होते. चित्रपटगृहात तंबाखूविरोधी जाहिरात लागली की तुझे मित्र पडद्याबरोबर मोठ्याने संवाद म्हणतात आणि मध्यंतरात त्यांतलेच दोघे बाहेरच्या टपरीवर जातात, हे सांगताना तुझा आवाज गोंधळलेला होता. तो गोंधळ आम्ही मोठ्यांनी तुमच्यापुढे मांडून ठेवला आहे, म्हणून उत्तर देणे माझ्याकडे लागते.

२ ऑक्टोबर २०१२ पासून नियम असा आहे, की तंबाखूचे दृश्य असलेल्या चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्यावर किमान तीस सेकंदांची आरोग्यविषयक चित्रफीत दाखवायची आणि ते दृश्य चालू असेपर्यंत पडद्याच्या तळाशी इशारा ठेवायचा. आता असे एखादे दृश्य आठवून पाहा. नायक अंधारात काडी ओढतो, ज्योतीच्या उजेडात त्याचा चेहरा उजळतो, मागे संगीत चढत जाते, पहिला झुरका घेऊन तो क्षणभर थांबतो आणि सगळे प्रेक्षागृह त्याच्याबरोबर थांबते. खाली कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत एक ओळ असते. त्या चेहऱ्यासाठी कितीतरी कसबी माणसांनी जीव ओतलेला असतो, त्या ओळीसाठी कोणीही नाही. सतरा वर्षांच्या मुलाची नजर कुठे जाणार? ज्या तरुण कर्करुग्णाची चित्रफीत आपण वर्षानुवर्षे पाहिली, तो खरा होता आणि त्याच्या वेदनाही खऱ्या होत्या. पण खुर्ची शोधताना आणि पॉपकॉर्न सावरताना ती इतक्यांदा कानांवर पडली, की संवाद पाठ झाला आणि माणूस मात्र विसरला गेला. तुझ्या मित्रांच्या हसण्याचा मला राग येत नाही, पण वाईट वाटते.

पुढचा घोळ टपरीवर आहे. पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापलेला असावा, हे एप्रिल २०१६ पासून बंधनकारक आहे. पण तुझा मित्र पाकीट घेतो का? तो एक सुटी सिगारेट मागतो, टपरीवाला पाकीट स्वतःकडेच ठेवून एक काढून देतो, आणि दोरीला टांगलेल्या लायटरवर ती पेटते. इतक्या खटपटीने छापलेले ते चित्र त्याच्या डोळ्यांसमोर येतच नाही. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली, शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांच्या आत विक्री करू नये असा कायदा त्याच्याही आधीपासून आहे, आणि तरी ती टपरी कुठे आहे ते तुला माहीत आहे आणि मलाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. परंतु पानमसाल्याचेच नाव लावलेली वेलची क्रिकेटच्या सामन्यात मोठमोठे तारे विकत असतात.

तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. आरोग्य मंत्रालय त्या चित्रफिती काढते. त्याच सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत गुंटूरला तंबाखू मंडळ आहे, जे १९७५ च्या कायद्याने स्थापन झाले आणि तंबाखूच्या निर्यातीला चालना देणे हे त्याचे काम आहे. करही मिळतो. केवळ लोभ आहे असे म्हणून मी मोकळा होणार नाही, कारण माझे आजोळ निपाणीजवळचे. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी भावासाठी महामार्ग अडवला, तेव्हा आमच्या घरची माणसे रस्त्यावर बसली होती. विड्या वळून घर चालवणाऱ्या बायकांच्या मांडीवरची सुपे मी लहानपणी रोज पाहिली आहेत. त्यांच्या पोटाला दुसरे काही दिल्याशिवाय "बंद करा" म्हणणे मला जमत नाही, आणि ते दुसरे काही देण्याचे काम इतक्या वर्षांत मनापासून झाले नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

अमेरिकेतला एक प्रकार मात्र मला फार लागला. १९९८ मध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीनेच मुलांना "विचार करा, सिगारेट ओढू नका" असे सांगणाऱ्या जाहिराती काढल्या, आणि पुढच्या वर्षी पालकांना "बोला, मुले ऐकतील" असे सांगणाऱ्या. पुढे संशोधकांना आढळले, की पालकांसाठीच्या या जाहिराती जास्त पाहिलेल्या वरच्या इयत्तांतील मुलांमध्ये पुढे सिगारेट ओढण्याचा इरादा जास्त होता. ओढू नये ते का, हे त्या सांगतच नव्हत्या. मोठे नको म्हणतात म्हणून नको, एवढेच सांगत होत्या. आपल्या टपरीवरची "१८ वर्षांखालील व्यक्तीस विक्री हा दंडनीय गुन्हा आहे" ही पाटी आवश्यकच आहे, पण सोळा-सतरा वर्षांचा मुलगा ती वाचतो तेव्हा सिगारेट म्हणजे मोठे झाल्याची खूण, असाच अर्थ त्याच्या मनात उतरतो.

आणि तू तर ही पाटी घरातच वाचलीस. तू नऊ वर्षांचा असताना मी तुला कोपऱ्यावरून तंबाखूची पुडी आणायला पाठवत असे आणि उरलेल्या पैशांची गोळी घे म्हणत असे. एकदा तू माझ्या शेजारी बसून, डाव्या तळव्यावर काही नसताना, अंगठ्याने मळल्यासारखे केलेस, दोन थापट्या मारल्यास आणि चिमूट ओठाखाली धरल्यासारखी केलीस. मी तुझ्या हातावर फटका मारला, "मोठा झाल्यावर काय करायचे ते कर" असे म्हटले, आणि त्याच हाताने चुन्याची डबी उघडून बार भरला. पडद्यावरच्या कुठल्याही जाहिरातीने तुझ्यापुढे इतका परस्परविरोधी संदेश ठेवला नसेल. त्याबद्दल मी तुझी क्षमा मागतो.

पाकिटांवर आणि पुड्यांवर २०१८ पासून एक क्रमांक छापतात : १८०० ११ २३५६. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी तो मोफत आहे. सुटी सिगारेट घेणाऱ्या तुझ्या मित्राने तो कधी वाचला नसेल, म्हणून इथे लिहिला. त्याला ओरडू नकोस, नुसता दे. मी मात्र तो वर्षानुवर्षे दातांनी फाडत आलो होतो. गेल्या गुरुवारी तो लावला. पलीकडच्या माणसाने उपदेश केला नाही. दिवसातला पहिला बार किती वाजता भरता, एवढे विचारले, आणि मला ते सांगताना लाज वाटली. आज सहावा दिवस आहे. दुपारी जेवणानंतर हात अजून खिशाकडे जातो. तुझ्या आईला मी सांगितलेले नाही. दिवाळीला तू आलास की दोघांना एकदम सांगायचे ठरवले होते, पण तुझ्या प्रश्नाचे उत्तर लिहायला बसलो आणि ते आधीच लिहून गेले.

तुझा,
बाबा